रकाना आठवा: डॉल्फिन

आमच्या मत्स्य सहकारी संस्थेच्या पाण्याच्या रजिस्टरात आठ रकाने होते. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, पाणी कितव्या पायरीला, थाळी किती हातांवर दिसेनाशी झाली, वारा, मासे. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. आठवा रकाना होता डॉल्फिन. आणि त्यात रोज, दिवाळीला आणि पोळ्यालासुद्धा, एकच शब्द लिहिलेला असायचा: नाही.

आता केज तालुक्यातला आमचा तलाव तो केवढा? ह्या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचा माणूस "काय गं?" म्हणून वळून बघेल, एवढा. त्यात रोहू, कटला, मृगल, आणि कुणी न सोडताही बेशरमासारखी वाढणारी चिलापी. पाऊस बरा झाला तर उन्हाळ्यापर्यंत पाणी, नाहीतर दिवाळीनंतर नुसतं डबकं. त्या पाण्यात डॉल्फिन आला का, हे बघायला आमच्या संस्थेचे सचिव रोज सकाळी सात वाजता पायऱ्या उतरायचे. मी तिथं नवीन लागलेली क्लार्क. अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.कॉम. करून आलेली, त्यामुळं नाकावर माशी बसू देत नव्हते. पहिल्या दिवशी ते रजिस्टर बघितलं आणि घरी जाऊन म्हणाले, "आई, येड्याच्या हाताखाली लागलेय मी."

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "शहाण्याच्या हाताखाली तुझं जमलं असतं का?"

सचिवसाहेबांच्या गळ्यात सुतळीला बांधलेली पितळी नळी असायची, तिच्यात थर्मामीटर. नवा माणूस त्यांना जनावरांचा डॉक्टर समजून शेळी दाखवायला आणायचा. साहेब शेळीसुद्धा बघायचे. "ताप हाय हिला, सावलीत बांधा," एवढं सांगून वाटेला लावायचे. त्यात त्यांना काही गैर वाटत नसे.

आणि ती थाळी. पाणी किती नितळ आहे हे मोजायला दोरीला पांढरी थाळी बांधून पाण्यात सोडायची, आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. खरी थाळी सरकारी, ती साहेबांच्या ट्रेनिंगच्या वेळची, कोकणातच राहिली. म्हणून साहेबांनी घरातलं स्टीलचं एक ताट घेतलं, काठाला भोकं पाडली आणि पांढरा रंग फासला. ते ताट वहिनींच्या, म्हणजे साहेबांच्या बायकोच्या, लग्नातलं. रंगाखालून अजून बोटाला अक्षरं लागायची: मामाकडून सप्रेम भेट. वहिनी ऑफिसात आल्या की पहिल्यांदा थाळीकडं बघायच्या आणि मग नवऱ्याकडं. "आमच्या मामानं काय तळ्यात बुडवायला दिलतं का?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं ते विचारू नका.

गावानं त्यांचं नाव डॉल्फिनसाहेब ठेवलं होतं. पारावर बसलेली रिकामटेकडी मंडळी रोज हटकायची, "काय साहेब, आला का?" साहेब थांबायचे, नीट विचार करायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "न्हाई. पाणी गोडं हाय." पुढं निघून जायचे. मागं पारावर हसून लोळण.

साहेब मूळचे दिंद्रुडकडचे. तरुणपणी माशांचं सरकारी ट्रेनिंग करायला कोकणात गेलते. तिथं सहा महिने एका पाहणीच्या बोटीवर त्यांना लावलं होतं. समुद्रात डॉल्फिन कुठं राहतात आणि तिथंच का राहतात, ह्याची ती पाहणी. पुढं खात्यात नोकरी काही लागली नाही. समुद्र बघून आलेला माणूस थेट आमच्या डबक्यावर येऊन बसला. पण येताना बोटीवरचा छापील तक्ता घडी घालून घेऊन आला, आणि आमचं रजिस्टर त्याच तक्त्यावर आखलं.

पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. "साहेब, हा शेवटचा रकाना काढून टाकू का? जागा वाया जातीय."

"बाई, रकाना कुणाचा असतो?"

"संस्थेचा."

"पाण्याचा असतो. तुमी-आमी कोण काढणार?" साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. "समजा, जिथं डॉल्फिन दिसला तिथलंच पाणी लिहिलं. कोमट हाय, उथळ हाय, गढूळ हाय. बरं. पण जिथं दिसला न्हाई तिथलं पाणी बी तसंच असलं तर? काय कळलं तुमाला? घंटा! म्हणून जिथं न्हाई तिथलं आधी नीट लिहायचं. 'हाय' कुणीबी लिहितं. 'न्हाई' लिहायला धीर लागतो."

"मग समुद्रावर जाऊन लिहायचं की. इथं कशाला?"

"इथं न्हाई, हे इथंच बसून लिहावं लागणार ना?"

 मी पट्टी काढून आठवी रेघ आखली.

चहा आला की साहेबांचा समुद्र सुरू व्हायचा. "लोकांना वाटतं समुद्र म्हंजे मोकळं रान, डॉल्फिन कुठंबी हिंडतो. तसं न्हाई. एक पाठीवर कुबड असलेली जात हाय, ती किनारा धरून राहती. खाडीच्या तोंडाशी, जिथं गोडं-खारं पाणी मिसळतं. उथळ आणि गढूळ. दुसरी जात खोल निळ्या पाण्यातली, ती तिकडं फिरकत न्हाई. आता कावून? डॉल्फिनला मासा पाहिजे. माशाला बारकं खाद्य पाहिजे. आणि ते खाद्य कुठं होतं? जिथं नदी गाळ आणून टाकती, न्हाईतर खालचं थंड पाणी वर येतं, तिथं. म्हंजे डॉल्फिन कुठं हाय हे डॉल्फिनला विचारायचं न्हाई. पाण्याला विचारायचं."

बरं, हे समुद्रापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. पण साहेब सगळ्या गावालाच ह्या मापानं मोजायचे. आमचे चेअरमन रोज तहसील कचेरीच्या दारात उभे असायचे, आत अधिकारी आणि बाहेर गावकरी. साहेब म्हणायचे, "खाडीच्या तोंडाची जात. दोन पाणी मिसळतात, खायला लई." दसरा झाला की गावातली निम्मी घरं कुलूप लावून कारखान्यांवर ऊस तोडायला जायची. एकदा चेअरमन म्हणाले, "ह्या लोकांना गावात राहायचंच नसतं." साहेब थर्मामीटर पुसत होते. वर न बघता म्हणाले, "जातीचा दोष न्हाई, चेअरमनसाहेब. पाणी बघा."

मला एक स्थळ आलं होतं. मुलगा मास्तर, उंचापुरा, सगळे खूष. साहेबांना सांगितलं तर त्यांनी मुलाचं नावसुद्धा विचारलं नाही. "गावात हापसा किती फुटांवर लागलाय?" म्हणाले. मी चिडले. पण बघायला आलेल्या मुलाच्या आईला मी तेच विचारलं, आणि त्या अशा काही गप्प झाल्या की ते स्थळ तिथंच संपलं. वर्षभरानं कळलं, त्या गावातल्या बायका दोन कोस पाणी वाहत होत्या. साहेबांना मी हे सांगितलं नाही. कशाला उगीच चढवून ठेवायचं!

मग तो दुष्काळ आला. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. तलावाला वरून मोजल्या तर दहा पायऱ्या. पाचव्या पायरीखाली पाणी गेलं की शेजारच्या गावविहिरीचा झरा बंद पडतो, हे साहेबांच्या रजिस्टरामुळंच आम्हाला कळलेलं होतं. पाणी सातवीवर गेलं आणि नेमकी तेव्हाच तलावाचा मासेमारीचा ठेका पुढं चालू ठेवायची वेळ आली. त्यासाठी तलावात पाणी असल्याचा संस्थेचा दाखला पाहिजे. साहेबांनी सही करायला साफ नकार दिला. "सातवी पायरी हाय," एवढंच बोलले आणि थाळी घेऊन तळ्यावर गेले.

चेअरमन माझ्या टेबलापाशी आले. "बाई, सही मी करतो. तुमी टाईप करा आणि शिक्का मारा. ठेका गेला तर संस्था गेली, संस्था गेली तर तुमची खुर्ची गेली."

मी टाईप केलं. तलावात पुरेसा पाणीसाठा उपलब्ध आहे. खाली शिक्का मारला. साहेब परत आले, कागद वाचला आणि म्हणाले, "शिक्का लई ठळक उठलाय."  शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याभरात आमच्या वस्तीवरचा हापसा कोरडा पडला. आमची वस्ती गावाच्या उगवतीला, बुद्धविहाराच्या मागं. आई आणि शेजारच्या बायका पहाटे उठून पार ओढ्यापलीकडच्या मळ्यात जायच्या, मळेवाल्याची मर्जी असली तर दोन घागरी. आईचे गुडघे आधीच गेलेले. गावानं टँकर मागितला. तालुक्याहून उत्तर आलं: तलावात पुरेसा पाणीसाठा असल्याचा संस्थेचा दाखला आहे, सबब टँकर देता येत नाही.

त्याची एक प्रत संस्थेला आली, ते पाकीट मीच फोडलं. माझंच वाक्य माझ्याकडं परत आलं होतं. घरी आई पायाला तेल चोळत बसलेली, आणि शिव्या घालत होती, "कोणत्या मुडद्यानं लिहून दिलं असं?"  स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, पण तेवढ्यानं हापशाला पाणी येणार होतं थोडंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपण दुसरा अर्ज करू. रजिस्टर हाय ना."

अर्ज गेला, आणि तहसीलमधले एक अधिकारी पाहणीला येणार असं ठरलं. चेअरमन घाबरले. म्हणाले, नवं रजिस्टर लिहून काढा, दाखल्याच्या दिवशी पाणी चौथ्या पायरीवर दाखवा. साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मीही त्यांना हात जोडले, माझं कारण वेगळं. "साहेब, आकडे तेच ठेवते. फक्त तो डॉल्फिन काढते. तो अधिकारी हसेल हो, आणि हसला की टँकर गेला. माझ्या आईला चालवत नाही आता."

साहेबांनी रजिस्टरावर हात ठेवला. "बाई, आईची काळजी मला बी हाय. पण एक रकाना काढला की बाकीचे सात बी माझे राहत न्हाईत." मला इतका राग आला, की त्या दिवशी त्यांचा चहासुद्धा मागवला नाही.

अधिकारी आले. तरुण, घामाघूम, तीन गावं फिरून वैतागलेले. ऑफिसच्या दारात अख्खं गाव गोळा. चेअरमननी दाखला पुढं केला, साहेबांनी रजिस्टर. अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडलं, बोट आडवं फिरवत आठव्या रकान्यावर आले आणि थांबले.

"डॉल्फिन?" त्यांनी पान उलटलं. "डॉल्फिन, नाही. डॉल्फिन, नाही. डॉल्फिन, नाही..." आणि असे काही हसले की चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली. दारातलं गावही हसलं. 

चेअरमननी संधी साधली. "तेच सांगतोय सर, हा माणूस भ्रमिष्ट हाय. अधिकृत कागद हा बगा, शिक्क्यासकट."

अधिकारी अजून हसतच होते. साहेबांना म्हणाले, "दिसतो कसा हो डॉल्फिन?"

"मला माहीत न्हाई," साहेब म्हणाले. "मी बघितला न्हाई."

हसणं थांबलं. दहा वर्षं ह्या माणसानं आम्हाला डॉल्फिन शिकवला होता. त्याची कुबड, त्याची खाडी, त्याचं जेवणखाण. 

"तुमी सहा महिने बोटीवर होता ना?" मी विचारलं.

"होतो की. पण डॉल्फिन बघायचं काम वरच्या साहेबांचं. माझं काम पाणी मोजायचं. ते ओरडायचे, आला, आला! नेमकं तेव्हाच मला थर्मामीटर आणि थाळी बघावी लागायची. त्याच घटकेचं पाणी पाहिजे असतं. मान वर केली की रीडिंग हुकलं."

"सहा महिन्यांत एकदाही मान वर केली नाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"केली असती तर एक रीडिंग अंदाजानं लिहावं लागलं असतं."

चेअरमन मोठ्यानं हसले. अधिकारी मात्र हसले नाहीत. ते मागं मागं पानं उलटत गेले. कुठं निळी शाई, कुठं काळी, एक आख्खा आठवडा पेन्सिल. पावसानं फुगलेलं एक पान, चहाच्या कपाचा गोल, चिरडलेला डास. एका तारखेचं अक्षर वेगळं होतं. त्यांनी विचारलं, तर वहिनी दारातूनच म्हणाल्या, "ते माझं हाय. त्या दिवशी सासूबाई गेल्या, हे स्मशानात. मला पाठवलतं तळ्यावर." तिथंही आठव्या रकान्यात वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, नाही.

अधिकाऱ्यांनी रजिस्टर मिटलं. "एका बैठकीत लिहिलेली रजिस्टरं मी रोज बघतो," ते म्हणाले. "खोटं लिहिणारा माणूस एवढे 'नाही' लिहीत बसत नाही. आता एकाच संस्थेचे दोन कागद आहेत. एकावर शिक्का आहे आणि एकात डॉल्फिन आहे. दाखला कुणी टाईप केला?"

चेअरमन माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत माझी खुर्ची होती, हे मला कळत होतं. दारात आई उभी होती, काखेत रिकामी घागर. तिथून ती सरळ मळ्यात पाण्याला जाणार होती.

"मी केला," मी म्हणाले. "खोटा हाय तो. सांगितलं चेअरमनसाहेबांनी, पण बोटं माझी होती आणि शिक्का बी मीच मारला."

आईनं घागर एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. त्या दिवशी घरी मला तिनं काय काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

अधिकारी उठले, तळ्यावर गेले आणि स्वतः पायऱ्या मोजल्या. आठवडा उलटायच्या आत टँकर आला आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी उभा राहिला. बायकांची ही झुंबड! आई पहिली, गुडघे विसरून. मी पळत ऑफिसात गेले. साहेब रजिस्टर लिहीत होते. मी म्हणाले, "साहेब, आज तरी 'हो' लिहा!"

"टँकर आलाय, बाई," साहेब म्हणाले. "डॉल्फिन न्हाई." आणि लिहिलं, नाही.

ठेका गेलाच. मला काढायचा ठराव चेअरमननी वार्षिक सभेत आणला, पण भोई सभासदांनी हात वर करून चेअरमनलाच काढलं. ते काही बेकार राहिले नाहीत. सहा महिन्यांत दूध संस्थेचे चेअरमन झाले. साहेब म्हणाले, "जात तीच हाय. खाडी बदलली."

साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मी सचिव झाले. पहिलं काम काय केलं असेल, तर कोकणात अभ्यास दौरा काढला. दहा-बारा सभासद, मी, साहेब आणि वहिनी, एका जीपगाडीत दाटीवाटीनं. साहेब नको नको म्हणत होते, पण थाळी पिशवीत घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

सकाळच्या भरतीला बोट निघाली. जन्मभर तळ्यात जाळं टाकणारे आमचे पैलवान गडी पहिल्या दहा मिनिटांत बोटीच्या कडेला ओकायला लागले. साहेब एकटे ताठ. खाडीचं तोंड आलं तशी त्यांनी नावाड्याला बोट थांबवायला लावली. थर्मामीटर सोडलं, थाळी सोडली. मामाची सप्रेम भेट अरबी समुद्रात हळूहळू उतरायला लागली.

आणि नावाडी ओरडला. डावीकडं, हाकेच्या अंतरावर, करडी पाठ वर आली, तिच्यावर कुबड. मग दुसरी, तिसरी, चौथी. मग त्यांच्या अंगाला चिकटून एक लहानगं. सगळे ओकणारे उभे राहिले, बोट कलली, मी किंचाळले, "साहेब! साहेब, आले!"

साहेबांची मान खालीच. "थांबा, थाळी अजून दिसतीय."

"अहो, वर बघा की!" वहिनींनी त्यांचा शर्ट धरून ओढला. "जन्म गेला नुसतं न्हाई न्हाई लिहिण्यात. एकदा बघा!"

"गेली," साहेब म्हणाले. "चार हात." मग थर्मामीटर वर ओढलं, डोळ्याजवळ धरून वाचलं, आणि मगच मान वर केली. समुद्र मोकळा होता. मला रडू फुटलं. खरंच सांगते, हमसून हमसून रडले, सगळ्या सभासदांच्या देखत.

साहेबांनी थर्मामीटर नळीत घातलं. "किती होते?"

"पाच. एक लहान."

त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "लिहा."

"तुमी लिहा, साहेब. तुमचा रकाना हाय."

"मी कुठं बघितलं? दिसलं तुमाला. तुमच्या हातानं लिहा आणि सही करा."

बोट हलत होती, अक्षर वाकडंतिकडं झालं. तारीख, वेळ, तापमान. समुद्राला पायरी नसते, तिथं रेघ मारली. थाळी चार हात, वारा बेताचा, मासे भरपूर. आठव्या रकान्यात लिहिलं, पाच, त्यात एक लहान. खाली सही केली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं संस्थेचा शिक्का काढायला पर्समध्ये हात घातला.

साहेबांनी माझं मनगट धरलं.

"शिक्का नको, बाई," ते म्हणाले. "हे खरं हाय."